उरलेलं एक मिनिट

वेळापत्रक विभागात त्यांना सगळे मिनिटराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं या माणसाने एकच उद्योग केला: या गाडीचं एक मिनिट काढायचं, त्या गाडीला घालायचं आणि काढल्याचा ओरखडा कुठे दिसू द्यायचा नाही. लोकांना वाटतं वेळापत्रक म्हणजे छापलेलं पुस्तक. मिनिटरावांसाठी तो टेबलभर पसरलेला तक्ता होता. वरच्या कडेला तास, डाव्या कडेला स्टेशनं आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघेला छोटी आडवी पायरी पडते. पायऱ्या कमी असल्या की साहेब लोक खूश, जास्त असल्या की फलाटावरची माणसं खूश. दोघंही खूश होतील अशी रेघ मिनिटरावांना काही साधली नव्हती, आणि निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना आता ती साधेल असा भ्रमही त्यांना नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा शहराबाहेरच्या नव्या उपनगरात, नवव्या मजल्यावर राहायचा. लांब पल्ल्याची एक गाडी रोज सकाळी पावणेदहाला त्या उपनगराच्या स्टेशनावरून न थांबता निघून जायची. बाहेरगावाहून परतणारा माणूस खिडकीतून स्वतःच्याच गॅलरीत वाळत घातलेले कपडे बघत पुढे शहरात जायचा, आणि तिथून बॅगा उचलून अर्धा तास उलटा यायचा. हा अन्याय दूर करायला प्रवासी संघटना निघाली आणि चिरंजीव तिचे चिटणीस झाले. स्वतः ते मोटारीने फिरत. पण संघटनेला चिटणीस हवा होता आणि यांना संघटना. दोन मिनिटांच्या थांब्यासाठी चार अर्ज झाले. चारही वेळा एकच उत्तर गेलं: धावण्याच्या वेळेत शिल्लक नाही. उत्तराचा मसुदा दर वेळी मिनिटरावच करत, आणि रविवारी मुलगा जेवायला आला की पानं घ्यायच्या आधीच विचारत, "काय चिटणीस, पत्र पोचलं का?"

"पोचलं. सही साहेबांची, भाषा तुमची. 'सबब विनंती मान्य करता येत नाही.' सायकल मागितली होती तेव्हाही हेच ऐकलं होतं मी."

"तुला निदान सबब तरी मिळाली," त्याची आई म्हणाली. "मला नुसतंच नाही मिळायचं."

चौथ्या नकारानंतरच्या रविवारी मिनिटराव जरा जास्तच रंगात होते. पोट भरलेलं, सून समोर, नातवंडं नाहीत म्हणून सगळ्यांचं लक्ष यांच्याकडे. अशा वेळी माणूस शहाणपणा सांगतो, नाहीतर गुपित. मिनिटरावांनी दोन्ही एकदम सांगितलं.

"शिल्लक नाही म्हणजे खरंच नाही रे," ते म्हणाले. "शहरात गाडी दहा पाचला लागलीच पाहिजे. दहा वीसला त्याच फलाटावर दुसरी येते. तुला दोन मिनिटं द्यायची तर कुणाची तरी काढावी लागतात."

"मग काढा."

"काढायला काय, खोडरबर लागतं. राखायला डोकं लागतं. तुझ्या आत्याचा थांबा एकोणीस वर्षं कसा राखलाय, विचार एकदा!"

आत्या म्हणजे मिनिटरावांची ताई, त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मिनिटराव चार वर्षांचे होते. त्यांचं नाक पुसण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं ताईने शिवणयंत्र चालवून केलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं. का राहिलं असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मापं घेण्यात वेळ गेला." ती अजून त्याच लहानशा स्टेशनाला चिकटलेल्या घरात राहायची. एक फलाट, एक बाक, एक बाजूचा रूळ. लांब पल्ल्याची गाडी सकाळी सव्वासातला आणि संध्याकाळी परतताना दोन-दोन मिनिटं तिथे थांबायची. चढणारे पंधरा. त्यातली एक ताई, महिन्यातून एकदा. शहरातल्या डॉक्टरांकडे डोळ्यात इंजेक्शन घ्यायला. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. उजवा त्या इंजेक्शनांवर टिकून होता.

एकोणीस वर्षांपूर्वी हुकूम निघाला की दिवसाला वीस तिकिटंही खपत नसतील ते थांबे बंद करा. सूट एकच: जिथे गाडीला समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावंच लागतं, तो थांबा राहील. रूळ एकेरी होता. खाणीवरून खडी घेऊन येणारी एक मालगाडी रोज लांब पल्ल्याच्या गाडीसमोर यायची, सकाळी भरलेली, संध्याकाळी रिकामी. दोघींची गाठ पुढच्या मोठ्या स्टेशनात पडायची. मिनिटरावांनी रेघ बोटभर सरकवली आणि ती गाठ ताईच्या स्टेशनात आणून ठेवली. थांबा वाचला.

"पुढे दोन वर्षांनी खाणच बंद पडली," मिनिटराव हसत म्हणाले. "मालगाडी बंद. नियमाने मी तिची रेघ पुसायला हवी होती. नाही पुसली! दर वर्षी नव्या तक्त्यावर तिला नव्याने काढतो, नंबर घालून, सुबक. सतरा वर्षं झाली, एवढी मोठी गाडी रोज दोनदा थांबते आणि नसलेल्या मालगाडीची वाट बघते. ड्रायव्हरला वाटतं स्टेशनमास्तरला माहीत असेल, स्टेशनमास्तरला वाटतं साहेबाला माहीत असेल. कुणी विचारतच नाही!"

सगळे हसले. मुलगा सगळ्यांत जास्त हसला. हसता हसता त्याने विचारलं, "नंबर काय हो त्या मालगाडीचा?"

"सहाशे चौदा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. बायका नेमक्या अशा वेळी पाहतात, आणि नवरे नेमक्या अशा वेळी पाण्याचा पेला पुढे करतात.

तीन आठवड्यांनी साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि बसा म्हटलं. एकतीस वर्षांत बसा ऐकण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या खेपेला बढती नाकारली होती. साहेब वयाने मिनिटरावांच्या मुलाएवढेच, बोलायला मऊ.

"संघटनेचा पाचवा अर्ज आलाय. मुद्दा सहा वाचा."

मिनिटरावांनी चष्मा लावला. 'मालगाडी क्रमांक सहाशे चौदा ही गेली सतरा वर्षे अस्तित्वात नसून, तिच्यासाठी सदर गाडी रोज दोन वेळा विनाकारण उभी केली जाते. सबब आवश्यक ती दोन मिनिटे उपलब्ध आहेत.' ती सबब त्यांनी दोनदा वाचली. पोराने बापाकडून काही घेतलं नाही असं म्हणायची आता सोय राहिली नव्हती.

"ही गाडी कुठे आहे, मिनिटराव?"

"कागदावर, साहेब."

"आणि खाण?"

"खाणीत आता पाणी आहे. लोक पोहायला जातात."

साहेबांना हसू येत होतं, पण खुर्चीने ते येऊ दिलं नाही. "चौकशी लावली तर तुमचं पेन्शन अडकेल. मला ते पाप नको. रेघ तुम्ही काढलीत, तुम्हीच पुसा, आणि उपनगराला थांबा द्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "अर्जाखालचं आडनाव मी वाचलं. वाचलं नाही असं समजा."

त्या रविवारी मुलगा जेवायला आला नाही, तेव्हा मिनिटरावच नवव्या मजल्यावर गेले. पायातले बूट न काढता दारातच म्हणाले, "माझ्या ताटात जेवलास आणि माझंच बोलणं अर्जात घातलंस?"

"आत तर या, बाबा. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. ते तर तुझे सभासद."

मुलाने दार लावून घेतलं. "हे बघा, भावना बाजूला ठेवा. तिकडे पंधरा माणसं, इकडे चार हजार घरं. गाडी कुठे थांबावी? मी तुमचा मुलगा नसतो तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

मिनिटरावांचा आवाज चढला. "त्या पंधरांत तुझी आत्या आहे! तुझा पहिला सदरा तिने शिवलाय!"

"म्हणून तर म्हणतो, तिला इकडे आणा. आता गाडी आमच्या दारात थांबणार. आत्या उतरली की लिफ्टने थेट वर."

"उतरेल रे. चढेल कुठून?"

हा भाग चिरंजीवांच्या हिशोबात आलाच नव्हता, हे तोंडावर दिसत होतं. मग ते म्हणाले, "जंक्शनपर्यंत बस असते ना? लोक येत नाहीत का बसने?"

"तिसरी खोली आहेच की आत्यांना," सूनबाई आतून म्हणाली. जरा वेळाने तिचाच आवाज आला, "फक्त सध्या तिथे यांच्या संघटनेच्या खुर्च्या आहेत."

ताईला त्यांनी फोनवर सांगितलं. थांबा जातोय, पहिल्या तारखेपासून. पलीकडे शिवणयंत्र थांबलं. "बरं," ताई म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. कुणी काढला, का काढला, एक अक्षर विचारलं नाही. मिनिटरावांना वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते तक्त्यावर वाकले. आधी सहाशे चौदाची रेघ पुसली. सतरा वर्षं जिला पेन्सिलने जगवलं ती अर्ध्या मिनिटात गेली, खोडरबराच्या चार काळ्या अळ्या मागे ठेवून. मग ताईची पायरी पुसली. आता हिशोब असा: दोन मिनिटांचा थांबा काढला की दोन मिनिटं वाचतात असं फक्त संघटनांना वाटतं. गाडीला वेग आवरायला आणि पुन्हा धरायला मिळून तीन मिनिटं आणखी लागतात. म्हणजे वाचली पाच. उपनगराजवळ गाडीचा वेग आधीच कमी असतो. तिथे थांबून सगळं मिळून चार मिनिटं जातात. पाचातून चार गेले.

एक मिनिट उरलं.

उरलेलं मिनिट शहराच्या तोंडाशी टाकायचं, म्हणजे गाडी उशिरा आली तरी वेळेवर आल्यासारखी दिसते, ही खात्याची जुनी रीत. मिनिटरावांनी रीत मोडली. ताईच्या स्टेशनाशी त्यांनी रेघ किंचित वाकवली. पायरी नाही, नुसता वाक. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'रूळ ओलांडणाऱ्यांची ये-जा, सबब गती मर्यादित.' गाडी थांबणार नव्हती, पण फलाटावरून चालत्या माणसाच्या पावलांनी जाणार होती. ज्या दारात एकोणीस वर्षं उभी राहिली तिथून तोंड फिरवून पळत जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. साहेबांनी न वाचता सही केली. त्या मिनिटावर मिनिटराव इतके खूश होते की पहिले दोन आठवडे त्यांना झोपही बरी लागली.

पहिल्या तारखेला उपनगरात बँड लागला. फीत कापली गेली, ड्रायव्हरला पेढ्यांऐवजी चॉकलेटचा डबा मिळाला, आणि चिटणीस स्वतः गाडीत चढून हात हलवत शहरापर्यंत गेले. तिथून भाड्याची गाडी करून परत आले, कारण त्यांची मोटार उपनगराच्या स्टेशनाबाहेर राहिली होती. महिन्याअखेर आकडे मिनिटरावांच्या टेबलावर आले. उपनगरात चढणारे-उतरणारे, रोजची सरासरी: नऊ. चार हजार घरांतली बाकी माणसं बहुधा थांबा मिळाल्याच्या समाधानात घरीच बसली होती. मिनिटरावांनी तो आकडा फाइलला लावला आणि कुणाला सांगितला नाही. सांगून ताईची पायरी परत येणार नव्हती. थांबा एकदा दिला की काढायला फीत कापणारे येत नाहीत.

त्या महिन्यात ताई इंजेक्शनला आली नाही. पुढच्याही महिन्यात नाही. तेव्हा मिनिटराव रजा टाकून निघाले.

जंक्शनपर्यंत रेल्वे, तिथून बस, ती बस फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून तीन मैल चालत. वाटेत दोन ओढे, एकावर पूल. स्वतःच्या रबराने काय पुसलं ते मिनिटरावांना पायांनी कळत गेलं. पोचले तेव्हा चार वाजले होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता. ताई दारात बसून काज करत होती. सुई डोळ्यांच्या इतकी जवळ धरली होती की मिनिटरावांना बघवेना.

"आलास? गाडीने आलास की बसने?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "गाडीने कसा येशील?"

"इंजेक्शनाला का आली नाहीस?"

"एकदा निघाले होते. ओढ्यापाशी दगड आहे की सावली आहे ते कळेना. परत फिरले."

"मी न्यायला येतो दर महिन्याला."

"येशील. तीन महिने येशील. मग तुझे गुडघे दुखतील." तिने दोरा दाताने तोडला. "अजून दिसतंय. दिसतंय तोवर दिसतंय."

मिनिटराव तिच्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "ताई, मीच बोललो. जेवताना, फुशारकीत."

"मला माहीत आहे. लहानपणी चोरून खाल्लंस तरी आधी तूच येऊन सांगायचास. तुझ्या पोटात कधी काही राहिलं नाही." मग ती म्हणाली, "आणि त्याने लिहिलं, होय ना? अक्षर छान आहे त्याचं. मीच गिरवून घेतलं होतं."

संध्याकाळची गाडी यायची वेळ झाली तशी ती उठली आणि त्यांच्या दंडाला धरून फलाटावर आली. बाकावर आणखी तीन-चार जण बसले होते. कुणाकडे सामान नव्हतं. घड्याळ कसं वाचायचं ते ताईने त्यांना याच बाकावर, याच गाडीच्या वेळेवर शिकवलं होतं. "बघ हं आता," ते म्हणाले. "बाकी स्टेशनांतून धूळ उडवत जाते. तुझ्या इथून हळू जाईल. ते मिनिट मी ठेवलंय. कुणाला न सांगता."

गाडी आली. खरंच हळू आली, नेमकी ठरवल्यासारखी. खिडक्या एकेक करून समोरून सरकल्या. कुणी सफरचंद सोलत होतं, कुणी झोपलं होतं. एका बाईने मोबाइलवरून नजर उचलून फलाटावरच्या माणसांकडे पाहिलं, जसं आपण भिंतीकडे पाहतो. बाकावरचा भाजीवाला उठला आणि एका उघड्या दाराच्या बरोबरीने चालू लागला. दाराच्या दांडीकडे त्याचा हात गेला, मागे आला. फलाट संपला तिथे तो थांबला आणि मान खाली घालून परत बाकावर येऊन बसला. गेल्या आठवड्यात त्याने दांडी धरली होती. गुडघ्याला पट्टी अजून होती.

शेवटचा डबा वळणाआड गेल्यावर ताई म्हणाली, "ते मिनिट काढून टाक."

"अगं, पण तेवढंच तर..."

"पळत गेली असती तर चार दिवसांत कळलं असतं की ती आपली नाही. ही रोज दाराशी येते, सावकाश तोंड दाखवते आणि पुढे जाते. हे लोक रोज येऊन बसतात. मीपण येते. एखाद्या दिवशी थांबेल असं वाटतं." तिने त्यांचा दंड सोडला. "तुला बरं वाटावं म्हणून ठेवलंस ते, मला नाही. काढ. जोरात जाऊ दे."

तिमाही दुरुस्तीत मिनिटरावांनी तो वाक पुसला. त्या जागी पट्टी लावून रेघ सरळ ओढली. स्टेशनाचं नाव तक्त्याच्या कडेला राहिलं, पण रेघ आता तिथे काहीच लागत नसल्यासारखी खाली निघून गेली. मोकळ्या मिनिटाचं काय करायचं ते त्यांनी साहेबांवर सोडलं. साहेबांच्या पुढ्यात संघटनेचं आभारपत्र पडलेलं होतं, शेवटी 'वृद्ध प्रवाशांना चढण्या-उतरण्यास वेळ अपुरा पडतो' असं वाक्य असलेलं. साहेबांनी ते मिनिट तिकडे दिलं.

पहिल्या तारखेला सकाळी पावणेदहाला ऑफिसातला फोन वाजला. गेल्या तीन महिन्यांत मुलाने केलेला हा पहिलाच फोन.

"बाबा! तीन मिनिटं! अहो, मी सहज लिहिलं होतं. तुम्ही मनावर घेतलं की काय होत नाही!"

"ते मी दिलेलं नाही," मिनिटराव म्हणाले. "ते तुझ्या आत्याचं..."

"काय? जोरात बोला. मी फलाटावर आहे."

"आत्याचं मिनिट आहे ते!"

"थांबा जरा, बाबा. गाडी उभी आहे इथे, इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. जाऊ दे तिला, मग बोलू."

मिनिटरावांनी फोन कानाला धरून ठेवला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्यांनी मोजलं. पूर्ण तीन मिनिटं.